सतराव्या वर्षापुढचा फुटबॉल

३० नोव्हेंबर २०२५ रोजी अहमदाबादला भारताच्या सतरा वर्षांखालच्या मुलांनी इराणला २-१ असं हरवलं आणि सौदी अरेबियात होणाऱ्या २०२६ च्या आशियाई चषकात जागा मिळवली. त्याआधी पात्रता फेरीच्या याच गटात पॅलेस्टाइनशी १-१ बरोबरी झाली होती, चायनीज तैपेईला ३-१ असं हरवलं होतं आणि लेबनॉनने आपल्याला ०-२ असा दणका दिला होता. त्यामुळे शेवटच्या सामन्यात जिंकण्याला पर्याय नव्हता. पहिला गोल इराणने केला. पिछाडीवर पडल्यावर मुलांचे खांदे पडायला हवे होते, ते पडले नाहीत. पेनल्टीवर बरोबरी साधली, मग दुसरा गोल केला आणि उरलेला वेळ जिवाच्या कराराने बचाव केला. दीड महिन्यापूर्वी मोठ्यांचा संघ फातोर्ड्याच्या मैदानावर सिंगापूरकडून १-२ असा हरून २०२७ च्या आशियाई चषकाच्या शर्यतीतून बाद झाला होता. पंधरा दिवसांपूर्वी ढाक्यात बांगलादेशनेही त्याला ०-१ असं हरवलं होतं. अशा दिवसांत या मुलांनी दिलेला आनंद खरा होता आणि तो मनापासून साजरा करावा असाच होता.

पण त्या आनंदाबरोबर एक प्रश्न विचारायलाच हवा. ही मुलं २००९ च्या सुमाराला जन्मलेली आहेत. २०३० मध्ये ती एकवीस वर्षांची होतील. तेव्हा ती कुठे खेळत असतील? सौदी अरेबियात त्यांचं काय होतं यावर या प्रश्नाचं उत्तर ठरत नाही. माझं म्हणणं असं आहे की वयोगटाच्या आशियाई स्पर्धांकडे आपण चुकीच्या टोकाकडून पाहतो. स्पर्धा संपली की आपल्यासाठी गोष्ट संपते. ज्या देशांना आपण पकडू पाहतोय, त्यांच्याकडे ती तिथे सुरू होते. फुटबॉल महासंघाचा, राज्य सरकारांचा पैसा आणि लक्ष सतराव्या वर्षापर्यंत ओतलं जातं आणि नेमकं त्यानंतरच्या चार वर्षांत आटतं. ही चार वर्षं सांभाळली नाहीत तर आधीचा सगळा खर्च वाया जातो.

गोव्यातल्या वाचकांना २०१६ आठवत असेल. तेव्हा ही स्पर्धा सोळा वर्षांखालच्यांची म्हणून ओळखली जायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती गोव्यात झाली, बांबोळी आणि फातोर्डा या दोन मैदानांवर. यजमान म्हणून आपला संघ होता. संयुक्त अरब अमिरातीकडून २-३ अशी हार, सौदी अरेबियाशी ३-३ अशी धमाल बरोबरी, इराणकडून ०-३. तीन सामन्यांत एक गुण. इराकने अंतिम सामन्यात इराणला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून चषक नेला. याच स्पर्धेत जपानकडून एक पंधरा वर्षांचा, अंगाने बारीक मुलगा डाव्या पायाने चेंडू खेळवत होता. त्याचं नाव ताकेफुसा कुबो. आज तो स्पेनमध्ये रिआल सोसिएदादकडून खेळतो आणि जपानच्या मुख्य संघात आहे.

कुबो मोठा खेळाडू झाला, कारण त्याच्याकडे प्रतिभा होती. इतकं म्हणून हा विषय सोडता येत नाही. गोव्यातली स्पर्धा २ ऑक्टोबरला संपली. ५ नोव्हेंबरला तो एफसी टोकियोच्या तेवीस वर्षांखालच्या संघाकडून जपानच्या तिसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये, जे-३ मध्ये, उतरला होता. वय पंधरा वर्षं पाच महिने. समोर पोराबाळांचे बाप असलेले व्यावसायिक खेळाडू. जपानने त्याच वर्षी पहिल्या श्रेणीच्या क्लबांना आपले तेवीस वर्षांखालचे संघ जे-३ मध्ये उतरवायची मुभा दिली होती, आणि ती पाच हंगाम, २०२० पर्यंत चालली. म्हणजे मुलगा तयार झाला तेव्हा त्याच्यासाठी दार आधीच उघडं होतं. स्पर्धा आणि मोठ्यांची लीग यांच्यात अंतर होतं जेमतेम पाच आठवड्यांचं.

आता २०१८ पाहा. स्पर्धा मलेशियात. गोव्याच्याच बिबियानो फर्नांडिस यांनी घडवलेला आपला सोळा वर्षांखालचा संघ. व्हिएतनामला १-० असं हरवलं, इराणशी ०-० आणि इंडोनेशियाशी ०-० बरोबरी केली. गटात एकही गोल खाल्ला नाही. उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियासमोरही सत्तर मिनिटांच्या आसपास बरोबरी टिकली होती आणि मग जोंग सांग-बिनने गोल केला. ०-१. अख्ख्या स्पर्धेत आपण खाल्लेला हा एकच गोल. त्या वेळी उपांत्य फेरी गाठणारे चारच संघ विश्वचषकाला जात होते, म्हणून एका सामन्याने आपला विश्वचषक हुकला. २०२५ पासून सतरा वर्षांखालचा विश्वचषक ४८ संघांचा आणि दरवर्षीचा झाला, आशियाई चषकातले आठ संघ त्यात जातात. हा नियम २०१८ ला असता तर ती मुलं थेट विश्वचषकात खेळली असती. एवढी ती चांगली होती.

ज्याने तो गोल केला त्या जोंग सांग-बिनचं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. २०२१ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, तो सुवोन सॅमसंग क्लबकडून कोरियाच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळत होता आणि त्याच जूनमध्ये देशाच्या मुख्य संघातून श्रीलंकेविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला. पुढे तो युरोपात गेला, तिथून अमेरिकेच्या लीगमध्ये. आपल्याकडून व्हिएतनामविरुद्ध पेनल्टीवर गोल करणारा विक्रम प्रताप सिंग हाही गुणी आघाडीवीर. मुंबई सिटीकडून त्याने आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीग या आपल्या सर्वोच्च लीगमध्ये, हॅटट्रिकही केली. पण भारताच्या मुख्य संघाची जर्सी त्याच्या अंगावर आली ती २०२४ मध्ये. एकाच मैदानावर, एकाच सामन्यात खेळलेल्या दोन आघाडीवीरांमधला हा तीन वर्षांचा फरक. या फरकाचं सगळं खापर कोणा एका प्रशिक्षकावर किंवा क्लबवर फोडण्यात अर्थ नाही. कोरियाच्या लीगमध्ये एक साधा नियम होता: बावीस वर्षांखालचा खेळाडू मैदानात उतरवला नाही तर क्लबला सगळे बदली खेळाडू वापरता यायचे नाहीत. प्रशिक्षकाला तरुण पोरांचा कळवळा असो वा नसो, शनिवारी संघ निवडताना त्याला त्यांचा विचार करावाच लागायचा. आपल्याकडे हा विचार प्रशिक्षकाच्या मर्जीवर सोडलेला असतो, आणि हंगामातले चार सामने हरले की नोकरी जाणारा प्रशिक्षक तिशीतल्या अनुभवी माणसालाच खेळवणार. त्याला दोष देता येत नाही.

२०२३ च्या थायलंडमधल्या स्पर्धेनेही हेच दाखवलं. जपानने आपल्याला ८-४ असं हरवलं. आठ गोल खाल्ले ही नामुष्की खरी, पण नंतर चषक जिंकलेल्या जपानला चार गोल मारणं ही सोपी गोष्ट नव्हे. त्याच गटात उझबेकिस्तानने आपल्याला फक्त १-० असं हरवलं होतं. सोळा-सतराव्या वर्षी आपल्यात आणि उझबेकांमध्ये अंतर एका गोलाचं. मोठ्यांच्या संघांकडे पाहिलं तर त्यांनी ५ जून २०२५ रोजी अबुधाबीत अमिरातीशी गोलशून्य बरोबरी साधून २०२६ च्या विश्वचषकात जागा मिळवली, देशाच्या इतिहासात पहिल्यांदा. आणि आपण सिंगापूर, बांगलादेशकडून हरतोय. अंतर पडलं ते सतरा आणि बावीस या वयांच्या मधल्या काळात.

उझबेकिस्तानचं उदाहरण मला जपान-कोरियापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. तो श्रीमंत देश नाही. लोकसंख्या महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. युरोपातल्या मोठ्या लीगशी त्याचं जुनं नातं नाही. पण त्यांनी वयोगटाच्या एका संघाला दुसऱ्याशी जोडून ठेवलं. २०१२ ला सोळा वर्षांखालचा आशियाई चषक, २०२३ ला ताश्कंदमध्ये वीस वर्षांखालचा, २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकची पात्रता, २०२५ ला सौदी अरेबियात पुन्हा सतरा वर्षांखालचा. हा शेवटचा अंतिम सामना त्यांनी यजमानांविरुद्ध, दोन लाल कार्डांमुळे नऊ जणांत खेळून २-० असा जिंकला. २०२३ च्या विजेत्या संघातला बचावपटू अब्दुकोदिर खुसानोव त्याच वर्षी फ्रान्सच्या लाँस क्लबात गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये मँचेस्टर सिटीत.

या साखळीतला एक दुवा आपण नीट बघायला हवा. २०२१ मध्ये त्यांच्या महासंघाने ताश्कंदमध्ये 'ऑलिंपिक' नावाचा क्लब उभा केला. त्यात होते राष्ट्रीय संघांच्या वर्तुळातले तरुण खेळाडू. पुढच्याच वर्षी हा क्लब देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळत होता. ज्या मुलांना आपापल्या क्लबात बाकावर बसावं लागलं असतं, त्यांना दर आठवड्याला नव्वद मिनिटं मिळू लागली, तीही मोठ्या माणसांविरुद्ध.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. आपण ती अकरा वर्षं आधी राबवली होती. २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने इंडियन अ‍ॅरोज हा तरुण खेळाडूंचा संघ काढला आणि आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च लीगमध्ये, उतरवला. जेजे लालपेखलुआ, प्रीतम कोटल तिथे घडले. मुंबईचा राजू गायकवाड तिथून ईस्ट बंगालला आणि भारतीय संघात गेला. लांबलचक थ्रो-इन टाकणारा तो बचावपटू मराठी फुटबॉलप्रेमी विसरलेले नाहीत. २०१३ ला पैशाअभावी हा संघ बंद पडला. २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाल्यावर तो पुन्हा सुरू केला गेला.

त्या २०१७ च्या संघाची आकडेवारी वाईट होती. अमेरिका ०-३, कोलंबिया १-२, घाना ०-४. तीन हार, नऊ गोल खाल्ले, एकच केला. तो जॅक्सन सिंगचा कोलंबियाविरुद्धचा हेडर, फिफाच्या स्पर्धेतला भारताचा पहिला गोल. निकालांवरून ठरवायचं तर २०१८ चा संघ यापेक्षा कितीतरी सरस. तरीही २०१७ च्या एकवीस जणांतून जॅक्सन, सुरेश सिंग वांगजाम, अन्वर अली आणि अपुइया म्हणून ओळखला जाणारा लालेंगमाविया असे मुख्य संघाचे चार आधारस्तंभ निघाले. कारण विश्वचषक आटोपल्यावर महिन्याभरातच ही मुलं अ‍ॅरोजच्या जर्सीत आय-लीग खेळत होती. त्या पहिल्या हंगामात दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर शिलाँग लाजाँगविरुद्ध नोंगदांबा नाओरेमने एकामागून एक बचावपटू चकवत केलेला गोल ज्यांनी पाहिलाय ते विसरणार नाहीत. परदेशी खेळाडू नाहीत, सगळे पोरसवदा, हरत होते, तरी दर आठवड्याला खेळत होते. अंगाने दुप्पट असलेल्या नायजेरियन आघाडीवीराला अडवताना आपण कुठे कमी पडतो, हे सतराव्या वर्षीच कळलं की एकविसाव्या वर्षापर्यंत त्यावर उपाय सापडतो. सराव शिबिरात हे कळत नाही.

२०२२ मध्ये अ‍ॅरोज पुन्हा बंद केलं गेलं. ज्या वर्षी उझबेकांचा 'ऑलिंपिक' सर्वोच्च लीगमध्ये गेला, त्याच वर्षी. थायलंडमध्ये जपानला चार गोल मारणारी आपली २००६ च्या आसपास जन्मलेली मुलं परतली, तेव्हा त्यांच्यासाठी असा संघ उरला नव्हता.

अ‍ॅरोज बंद करणाऱ्यांची बाजू पोकळ नव्हती. हा संघ बहुतेक हंगामांत तळाशी राहायचा, त्याला खालच्या श्रेणीत ढकललं जाणार नाही अशी सवलत होती, त्यामुळे लीगच्या चुरशीला बाधा यायची. खेळाडू घडवणं हे क्लबांचं काम आहे, महासंघाने स्वतःच संघ चालवू नये, असंही म्हटलं जायचं. त्याऐवजी तोच पैसा युवा लीगमध्ये घालावा, म्हणजे वीस-पंचवीस मुलांऐवजी शेकडो मुलांना फायदा होईल. तत्त्व म्हणून मला हे पटतं. पण हे पटण्यासाठी क्लबांनी ते काम करायला हवं आणि युवा लीग पूर्ण वर्षभर चालायला हवी. आपल्याकडे एकवीस वर्षांखालच्यांसाठी रिलायन्स फाउंडेशनची विकास लीग २०२२ पासून आहे, ती चांगली सुरुवात आहे. पण तिचा हंगाम थोड्या काळाचा, आणि त्यात समवयस्कच एकमेकांशी खेळतात. वर्षाचे बाकीचे महिने मुलगा क्लबच्या सरावात शंकू रचलेल्या मैदानावर धावतो आणि रविवारी बाकावरून सामना बघतो. त्यात २०२५ मध्ये आयएसएलचंच घोडं अडलं. व्यावसायिक हक्कांच्या कराराची मुदत संपत आली, नवा करार होईना आणि ठरलेल्या वेळी लीग सुरूच झाली नाही. मोठ्यांच्या लीगची ही गत असताना सगळं काम क्लबांवर सोपवून महासंघाने हात झटकणं म्हणजे अठरा वर्षांच्या पोरांना वाऱ्यावर सोडणं आहे.

आशियाई स्पर्धा दरवर्षी होऊ लागल्याने हा धोका आणखी वाढलाय, याकडे फारसं कोणाचं लक्ष नाही. पूर्वी दोन वर्षांतून एकदा एक तुकडी तयार व्हायची. आता दरवर्षी नवं जन्मवर्ष. २००९ ची मुलं खेळून होईपर्यंत २०१० च्यांचं शिबिर लागणार, मग २०११ च्यांचं. महासंघाचे प्रशिक्षक, डॉक्टर, विमानाची तिकिटं, परदेश दौरे, सगळं पुढच्या तुकडीमागे धावणार. मागच्या तुकडीची चौकशी कोणी करायची? विश्वचषकाच्या जागा आठ झाल्याने पात्रतेचा मोह मोठा आहे. मोह वाढला की उद्याचा खेळाडू घडवण्यापेक्षा आजचा सामना जिंकणारा पोरगा निवडला जातो.

हे कसं घडतं ते थोडं जवळून पाहू. २०२६ च्या स्पर्धेसाठी मुलगा १ जानेवारी २००९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेला हवा. म्हणजे जानेवारीतला आणि डिसेंबरातला मुलगा एकाच गटात. त्यांच्यात जवळजवळ वर्षाचं अंतर. तेरा-चौदाव्या वर्षी वर्षभराने मोठा असलेला मुलगा उंच असतो, त्याच्या मांडीत ताकद असते, धक्का दिला तर डिसेंबरातला मुलगा बाजूला फेकला जातो. निवड चाचणीला तीन दिवसांत दोनशे मुलं बघणारा निवडकर्ता कोणाला उचलणार? जगभर वयोगटाच्या संघांमध्ये वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांचा भरणा जास्त असतो, हे अनेक देशांत वारंवार दिसून आलेलं आहे. विसाव्या वर्षापर्यंत शरीराचं हे अंतर मिटतं. पण तोवर डिसेंबरातला मुलगा खेळ सोडून गेलेला असतो. बेल्जियमच्या महासंघाने यासाठी उशिरा वाढणाऱ्या मुलांचे वेगळे संघ काढले, ज्यांना लगेच निकाल द्यायची सक्ती नाही. आपल्याकडे असा विचार मांडला तर 'आधी विश्वचषकाची पात्रता मिळवू द्या' असं उत्तर मिळतं.

वयचोरी हा त्याच मोहाचा दुसरा चेहरा. आपल्या आजोबांच्या पिढीत कित्येकांची जन्मतारीख १ जून, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच टाकली. तिथे कोणाचा डाव नव्हता. आता मात्र जन्मदाखला हे हत्यार झालंय. उशिराची नोंदणी, दुसऱ्या तालुक्यातला दाखला, शाळा बदलताना बदललेली तारीख. कोणत्याही जिल्ह्यात वयोगटाचे सामने घेणाऱ्याला विचारा. म्हणून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात फिफाने २००९ पासून मनगटाचा एमआरआय आणला आणि आशियाई स्पर्धेतही ती चाचणी होते. मुलाचा हात यंत्रात धरतात, अंगठ्याच्या बाजूच्या रेडियस हाडाच्या टोकाला असलेली वाढीची पट्टी पाहतात. ती पूर्ण जुळून आलेली असेल तर मुलगा सतराच्या पुढे गेलेला असण्याची शक्यता फार मोठी. यंत्र खोटं पकडतं, हे बरंच आहे. पण ते पकडतं राष्ट्रीय शिबिराच्या दारात. तोवर त्या मोठ्या मुलाने तालुका, जिल्हा, विभाग अशा तीन पायऱ्यांवर तीन खऱ्या वयाच्या मुलांची जागा खाल्लेली असते, आणि त्या तिघांचं नुकसान कुठल्याच यंत्रात दिसत नाही.

मुळात वय चोरावंसं का वाटतं? महाराष्ट्रापुरतं बोलतो. दहावी-बारावीला राज्य, राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्याला क्रीडागुण मिळतात. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. या सवलती गरीब घरातल्या मुलांसाठी मोलाच्या आहेत, त्या काढून घ्या असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या मिळतात प्रमाणपत्रावर, आणि प्रमाणपत्र मिळतं स्पर्धेत उतरल्यावर. त्यानंतर मुलगा खेळत राहिला काय, न राहिला काय, सवलतीत फरक पडत नाही. घरच्यांनी हिशेब केला तर तो बरोबरच ठरतो: सतराव्या वर्षी कागद हातात आला, आता बारावी, मग भरती. बापाने रिक्षा चालवून, आईने चार घरची धुणीभांडी करून पोराला इथवर आणलेलं असतं. अठरा ते एकवीस या वर्षांत त्याच्या हातात महिन्याला काही येणार नसेल, सामने मिळणार नसतील, तर 'खेळत राहा' हे सांगायचा आपल्याला काय अधिकार?

कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस. तालमींच्या नावाने फुटबॉल खेळणारं दुसरं शहर देशात दाखवा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार भिडले की उन्हातान्हात गॅलरी भरते. २०१७ च्या विश्वचषकात भारताची आघाडी सांभाळणारा अनिकेत जाधव याच शहराचा, रिक्षाचालकाचा मुलगा. इतकं प्रेम, इतके प्रेक्षक, इतकी जुनी लीग असलेल्या शहरातून देशाच्या संघात जाणारी नावं मात्र मोजकी. इथल्या अठरा वर्षांच्या मुलाला तालमीकडून मोठ्यांविरुद्ध खेळायला मिळतं, जी गोष्ट मोठ्या शहरांतल्या अकादमीतल्या मुलालाही मिळत नाही. त्याला मिळत नाही ती पुढची पायरी. शाहू स्टेडियमवरून थेट आयएसएलमध्ये उडी घेता येत नाही, आणि मधली शिडी कोणी लावलेलीच नाही.

१४ डिसेंबर २०२५ ला मेस्सी वानखेडेवर आला तेव्हा राज्य सरकारच्या 'महादेवा' उपक्रमाचा गाजावाजा झाला. तेरा वर्षांखालची गुणी मुलंमुली राज्यभरातून हेरायची आणि त्यांना पाच वर्षं शिष्यवृत्ती देऊन प्रशिक्षण द्यायचं, अशी ही योजना. हेतू चांगला आहे, मुलींना मुलांच्या बरोबरीने घेतलंय हे तर फारच चांगलं. पण बारा-तेरामध्ये पाच मिळवा. शिष्यवृत्ती संपते सतरा-अठराव्या वर्षी, जिथून खरी गरज सुरू होते. २०१७ च्या विश्वचषकाआधी राज्याने एका दिवशी लाखो मुलांना फुटबॉल खेळायला मैदानात उतरवलं होतं, तेव्हाही उत्साह असाच होता. आठ वर्षांनी त्यातल्या किती जणांच्या पायात बूट आहेत, याची नोंद कोणी ठेवली नाही. 'महादेवा'ला पाचऐवजी नऊ वर्षांची मुदत द्या, कमी मुलं घ्या पण एकविसाव्या वर्षापर्यंत सोडू नका, ही मागणी आत्ताच करायला हवी, कारण पहिली तुकडी अजून तेराची आहे.

मुलींचं चित्र तर आणखी टोकाचं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या वीस वर्षांखालच्या मुलींनी यांगूनला म्यानमारला १-० असं हरवलं, ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्यांनी बिश्केकमध्ये उझबेकिस्तानला २-१ असं हरवलं आणि दोन्ही संघ आपापल्या आशियाई चषकात पोहोचले. मोठ्या बायकांचा संघही थायलंडला हरवून ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेला पात्र ठरला. पुरुषांनी न दिलेलं यश त्यांनी एका वर्षात तीनदा दिलं. त्यांची लीग मात्र पुरुषांपेक्षाही तोकडी. अठराव्या वर्षी लग्नाचं बोलणं सुरू होणाऱ्या घरात तीन महिन्यांच्या लीगच्या भरवशावर मुलीने खेळाडू राहायचं कसं?

यावर उपाय खर्चिक नाही. १९७४ मध्ये बँकॉकला शब्बीर अलींच्या नेतृत्वाखाली भारताच्या तरुण संघाने इराणशी २-२ बरोबरी करून आशियाई युवा अजिंक्यपद वाटून घेतलं होतं. तेव्हा त्या वयाच्या खेळाडूला कोलकात्याच्या, मुंबईच्या, गोव्याच्या लीगमध्ये मोठ्यांसोबत खेळायला मिळायचं. मुंबईच्या रोव्हर्स चषकासारख्या स्पर्धा होत्या. तो काळ परत आणा असं म्हणण्यात अर्थ नाही, पण त्यातलं तत्त्व आजही लागू आहे: तरुण खेळाडू मोठ्यांमध्ये खेळला पाहिजे. त्यासाठी अ‍ॅरोज पुन्हा उभं करा, पण या खेपेला कमीत कमी आठ वर्षांच्या निधीची हमी देऊन. तळाशी राहिला म्हणून लीगची चुरस बिघडते असं वाटत असेल तर त्याला दुसऱ्या श्रेणीत खेळवा. खालच्या श्रेणीत जाण्याची टांगती तलवारही ठेवा. आयएसएलमध्ये कोरियासारखा नियम आणा, बावीस वर्षांखालचा भारतीय खेळाडू मैदानात नसेल तर बदली खेळाडू कमी. राज्यांच्या पातळीवर, महाराष्ट्रातल्या फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनने कोल्हापूर, पुणे, मुंबई, नागपूर इथल्या एकवीस वर्षांखालच्या निवडक मुलांचा एक संघ वर्षभर राज्य लीगमध्ये खेळवावा. सराव, जेवण, राहणं आणि महिन्याचा विद्यावेतनाचा खर्च सरकारने उचलावा. क्रीडागुण जसे स्पर्धेतल्या सहभागावर मिळतात, तशी अठरा ते एकवीसमधली शिष्यवृत्ती प्रत्यक्ष खेळलेल्या सामन्यांवर द्यावी.

आणि महासंघाने एक साधं काम करावं, ज्याला पैसाही लागत नाही. २०१६, २०१८, २०२३ आणि २०२६ या चार आशियाई संघांतला प्रत्येक खेळाडू अठरा, एकोणीस, वीस, एकवीस या वयांत वरिष्ठ लीगमध्ये किती मिनिटं खेळला, ते दरवर्षी जाहीर करावं. पुढच्या स्पर्धेच्या आधी पत्रकार परिषदेत 'यंदा विश्वचषक गाठणार का?' हा प्रश्न विचारला जातोच. त्याच्या शेजारी ही यादी असू द्या. अहमदाबादला इराणला हरवणारी मुलं २०२७ मध्ये अठराची होताहेत. त्यांना त्या वर्षी खेळायला संघ हवा असेल तर त्याची तरतूद २०२६ च्या अंदाजपत्रकात दिसली पाहिजे. २०२७ मध्ये समिती नेमून, २०२८ मध्ये अहवाल मागवून उपयोग नाही, तोवर त्यातली निम्मी मुलं पोलीस भरतीच्या रांगेत असतील.